रिको : एका विशेषणाची ओळख

स्पॅनिश शिकू लागलेल्या माणसाला 'रिको' हे विशेषण फार लवकर भेटते. शेजारी 'श्रीमंत' एवढा अर्थ लिहून बहुतेक जण पुढे जातात, आणि त्यात वावगे काही नाही. पण स्पॅनिश घरात पानावर बसलात की हाच शब्द आमटीला, माशाला, आंब्यालाही लावलेला ऐकू येतो : 'के रिको!', म्हणजे काय चव आहे! अशा रोजच्या शब्दाकडे जरा थांबून पाहावे, एवढेच या लेखनाचे निमित्त.

शब्द मूळचा गॉथिक. 'रेइक्स' म्हणजे सत्ताधीश. व्युत्पत्तिकार त्याचा संबंध लॅटिनमधल्या 'रेक्स'शी आणि आपल्या 'राजा'शीही जोडतात. म्हणजे आधी सत्ता, पैसा मागाहून. तेराव्या शतकात कॅस्टीलचा राजा दहावा आल्फोन्सो याच्या 'सिएते पार्तिदास' या कायदेसंहितेत 'रिकोस ओम्ब्रेस' येतात, ते नुसते धनिक नव्हेत. इतर देशांत ज्यांना काउंट किंवा बॅरन म्हणत, त्या तोलाचे सरदार. दर्जाकडून संपत्तीकडे, संपत्तीकडून विपुलतेकडे आणि तिथून चवीकडे असा अर्थ पसरत गेला, असे मला वाटते. 'जीवनसत्त्वांनी समृद्ध' या अर्थी आजही 'रिको एन वितामिनास' म्हणतात, तो मधला टप्पा.

वाचकांनी खरे लक्ष द्यावे ते क्रियापदाकडे. मराठीत 'आहे' म्हटले की भागते. स्पॅनिशमध्ये 'सेर' आणि 'एस्तार' अशी दोन क्रियापदे आहेत. 'एस रिको' असे माणसाविषयी म्हटले तर तो पैसेवाला. 'ला सोपा एस्ता रिका' म्हटले तर आत्ता वाढलेले सूप चविष्ट झाले आहे. तेच 'एस रिका' म्हटले, तर एकूण तो पदार्थच चवदार असतो, असे सर्वसाधारण मत. इथवर सोपे आहे. पण माणसाविषयी 'एस्ता रिको' किंवा 'एस्ता रिका' म्हणालात, तर ती त्याच्या देहाच्या आकर्षणाची, काहीशी थिल्लर शेरेबाजी ठरते. नवशिक्याने हा प्रयोग ऐकावा, करू नये.

प्रदेशाप्रमाणेही शब्दाचा रंग पालटतो. स्पेनमध्ये गोंडस मुलाला कौतुकाने 'रिको' म्हणतात. मोठ्या माणसाला 'मिरा, रिको' म्हटले, तर त्यात बहुधा टोमणा असतो. लॅटिन अमेरिकेत अनेक ठिकाणी गार वारा, दुपारची झोप, गरम पाण्याची अंघोळ, सारेच 'रिको'. पेरेस प्रादो या क्यूबन संगीतकाराच्या गाजलेल्या माम्बोच्या नावातही तो आहे. आणि नकाशावर तर आहेच : पुएर्तो रिको म्हणजे समृद्ध बंदर. हे नाव आधी बंदराचे होते आणि सान हुआन बेटाचे. पुढे दोन्ही नावांची अदलाबदल झाली.

लिंगवचनाप्रमाणे होणारी रूपे, रिको, रिका, रिकोस, रिकास, कोणतेही व्याकरण देईल. तुम्ही मात्र शब्द सुटा पाठ करू नका. तो कोण, कशाविषयी आणि कोणत्या क्रियापदासह उच्चारतो, ते टिपून ठेवा. आणि पहिला प्रयोग बिनधास्त जेवणावर करा.