काटकसर नेमकी कशाची? उपग्रह आणि मॉड्युलेशनची निवड

आजचा विषय तंत्रज्ञानाचा वाटेल, पण आम्ही तो इतिहास म्हणून मांडणार आहोत. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरीवर संदेश कसा चढवायचा, म्हणजेच कोणतं मॉड्युलेशन वापरायचं, हे कसं ठरत गेलं? आमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. ‘सर्वांत चांगली पद्धत कोणती’ या प्रश्नाला स्वतंत्र उत्तर नाही. टंचाई कशाची आहे, हे आधी विचारावं लागतं.

सुरुवात उपग्रहांच्या कितीतरी आधीची आहे. रेडिओत तेव्हा एएम चालत असे. त्यात वाहक लहरीची फ्रिक्वेन्सी तीच राहते, तिची उंची संदेशाप्रमाणे कमी-जास्त होते. एफएममध्ये उंची कायम राहते आणि फ्रिक्वेन्सी हलते. १९२२ साली जॉन कार्सन या अमेरिकी गणितज्ञाने दाखवून दिलं की एफएममुळे बँडविड्थ वाचत नाही. एएमला लागते तेवढी तरी लागतेच, बहुधा जास्त लागते. गणित चोख होतं. पुष्कळांनी त्यावरून एफएम निरुपयोगी ठरवलं.

एडविन आर्मस्ट्राँगने प्रश्नच फिरवला. बँडविड्थ वाचवायची कशाला? उलट सढळ हाताने वापरली तर काय होईल? खरखर मुख्यतः लहरीच्या उंचीत दिसते. एफएमचा संदेश उंचीत नसतोच, त्यामुळे रिसीव्हर उंचीतले चढउतार छाटून टाकू शकतो. पट्टा जितका रुंद, तितका आवाज स्वच्छ. १९३३ मध्ये त्याला पेटंट मिळाली. पुढची वर्षं कोर्टकचेऱ्यांत गेली आणि १९५४ साली त्याने आत्महत्या केली.

आणि आठच वर्षांनी, जुलै १९६२ मध्ये, टेलस्टार अवकाशात गेला. त्याच्या प्रक्षेपकाची शक्ती दोन-अडीच वॉट. आपल्या घरातल्या झिरोच्या बल्बपेक्षाही कमी! हजारो किलोमीटरवरून एवढ्या शक्तीत दूरचित्रवाणी पाठवायची. वर वजन महाग, वीज महाग. बँडविड्थ मात्र त्या काळी मुबलक. अभियंत्यांनी एफएम निवडलं. आणखी एक फायदा होता. एफएम लहरीची उंची स्थिर असल्यामुळे अॅम्प्लिफायर पूर्ण ताकदीने चालवला तरी संदेश बिघडत नाही. अर्थात फुकट काही मिळत नाही. सिग्नल एका मर्यादेखाली गेला की एफएम एकदम कोसळतं. म्हणून जमिनीवर प्रचंड अँटेना आणि ही मर्यादा खाली आणणारे खास रिसीव्हर उभारावे लागले. आपल्या पुणे जिल्ह्यातलं आर्वीचं भूकेंद्र याच युगातलं.

आता ‘साइट’ प्रयोग पाहू. आमच्या मते कथेचा गाभा इथे आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ हे एक वर्ष नासाच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य, शिक्षणाचे कार्यक्रम दाखवले गेले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. आर्वीसारखी अँटेना खेड्याखेड्यात कोण उभारणार? म्हणून भार वर ढकलला. उपग्रहावरच नऊ मीटरची उघडणारी अँटेना आणि ८० वॉटचा प्रक्षेपक. खाली कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीची तीन मीटरची तबकडी. मॉड्युलेशन एफएमच. पण साधा टीव्ही चित्रासाठी एएम समजणारा, म्हणून मध्ये एफएमचं एएम करणारी पेटी बसवली. एकाच चित्राबरोबर दोन ध्वनी जात, त्यामुळे तेच चित्र कोणी कन्नडमध्ये ऐके, कोणी तेलुगूत. निवड तांत्रिक होतीच. पण खर्च कोणी सोसायचा, हेही त्यात ठरत होतं.

मग टंचाई बदलली. भूस्थिर कक्षेत गर्दी झाली, बँडविड्थ महागली, चिप स्वस्त झाल्या. ३६ मेगाहर्ट्झचा अख्खा ट्रान्सपाँडर एफएमच्या एका वाहिनीला देणं परवडेना. डिजिटल पद्धती आल्या. क्यूपीएसकेमध्ये लहरीची फेज चारपैकी एका स्थितीत ठेवतात. प्रत्येक खुणेत दोन बिट. चित्र दाबून लहान करता येऊ लागल्यावर त्याच जागेत अनेक वाहिन्या मावल्या.

तुम्ही विचाराल, केबलवर क्यूएएम चालतं, त्यात एका खुणेत आणखी बिट बसतात. मग उपग्रहावर तेच का नाही? कारण जुनंच आहे. क्यूएएममध्ये लहरीची उंची अनेक पातळ्यांवर बदलते, आणि पूर्ण ताकदीने चालणारा अॅम्प्लिफायर त्या पातळ्या विस्कटून टाकतो. म्हणून डीव्हीबी-एस२ या मानकात एपीएसके आलं. सोळा बिंदू दोन वर्तुळांवर, आत चार, बाहेर बारा. म्हणजे उंचीच्या पातळ्या दोनच. शिवाय दुहेरी संपर्काच्या जाळ्यात पाऊस आला की साधी, दणकट पद्धत घ्यायची आणि आभाळ मोकळं झालं की दाट पद्धतीकडे परतायचं, अशी सोयही त्यात आहे. निवड एकदाच करावी लागते, हे गृहीतकच गेलं.

मग कार्सन चुकला का? नाही. त्याचं उत्तर बरोबर होतं, पण ‘बँडविड्थ वाचते का’ एवढ्याच प्रश्नाचं. लोकांनी ते सगळ्याच प्रश्नांचं उत्तर मानलं, चूक तिथे झाली. पुढे कोणी ‘ही पद्धत कार्यक्षम आहे’ म्हणालं, तर आपण एवढंच विचारावं: कार्यक्षम म्हणजे कशाची बचत, आणि कोणाच्या खर्चाने?