ग्रीक शाळेतले दोन मुसलमान भाऊ

जून महिना आला की पालकांचा प्रश्न ठरलेला असतो. "सर, मुलाला उर्दूत घालू, मराठीत की इंग्रजीत?" या प्रश्नामागे एक भीती असते. दुसऱ्यांच्या भाषेत शिकून पोरगं आपलं राहील ना? अशा वेळी मला अल्बानियातले दोन भाऊ आठवतात, नईम आणि सामी फ्राशरी.

दक्षिण अल्बानियातले फ्राशर हे त्यांचे गाव. तेव्हा तिथे उस्मानी राज्य होते. घराणे बेक्ताशी सूफींना मानणारे. आईवडिलांचे छत्र लवकर हरपले, तेव्हा थोरला भाऊ अब्दुल कुटुंबाला घेऊन 1865 च्या सुमारास यानिना शहरात आला. हे शहर आज ग्रीसमध्ये आहे. नईम तेव्हा एकोणीस वर्षांचा, सामी पंधराचा. दोघांना त्याने झोसिमाया शाळेत घातले.

ही शाळा झोसिमास नावाच्या ग्रीक व्यापारी भावांच्या पैशातून 1828 मध्ये उभी राहिली होती. शिक्षणाचे माध्यम ग्रीक, बहुतेक विद्यार्थी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. तिथे या भावांनी जुनी आणि नवी ग्रीक, फ्रेंच, इटालियन आत्मसात केली. तुर्की, फारसी, अरबीचे धडे वेगळ्या उस्तादांकडे. आणि घरात बोली अल्बानियन.

एवढ्या भाषांच्या ओझ्याखाली मुले दबली का? पुढे काय झाले ते पाहा.

सामी 1872 मध्ये इस्तंबूलला गेला. तुर्की भाषेतल्या अगदी सुरुवातीच्या कादंबऱ्यांपैकी एक त्याची आहे. फ्रेंच येत होती म्हणून 1882 मध्ये त्याने फ्रेंच-तुर्की कोश केला, ह्यूगोची 'ले मिझराब्ल' तुर्कीत आणली. 1889 ते 1898 या काळात सहा खंडांचा ज्ञानकोश काढला आणि 1901 मध्ये 'कामूस-ए-तुर्की'. दरबारी लोक भाषेला 'उस्मानी' म्हणत असताना त्याने कोशाच्या नावातच तिला 'तुर्की' म्हटले.

नईमने फारसीत शायरी केली. होमरच्या 'इलियड'चा पहिला सर्ग 1886 मध्ये तुर्कीत आणला. आणि 1898 मध्ये करबलावरचे दीर्घकाव्य लिहिले, ते अल्बानियनमध्ये. ग्रीक शाळेत शिकलेल्या मुलाने इमाम हुसैन यांची शहादत आपल्या मातृभाषेत सांगितली.

म्हणजे ग्रीक शाळेने त्यांना ग्रीक केले नाही. पण गोष्ट इथे संपवली तर अर्धीच राहील.

त्या शाळेत सगळ्या भाषांना जागा होती, नव्हती ती त्यांच्या आईच्या भाषेला. तशी ती कुठेच नव्हती. ऑर्थोडॉक्स अल्बानियन मुले ग्रीक शाळेत जात, मुसलमान मुले तुर्की शाळेत. घरात एकच बोली, पण शाळेत धर्माप्रमाणे वाटणी. लिपीवरही एकमत नव्हते. कोणी अरबी अक्षरे वापरी, कोणी ग्रीक, कोणी लॅटिन.

1879 मध्ये इस्तंबूलमध्ये अल्बानियन पुस्तके छापण्यासाठी एक मंडळ निघाले. त्यात मुसलमान, ऑर्थोडॉक्स, कॅथलिक सगळे होते. सामीने 36 अक्षरांची लिपी तयार केली. बरीचशी अक्षरे लॅटिन, काही ग्रीकवरून घेतलेली. नईमने मुलांसाठी पाठ्यपुस्तके लिहिली. 7 मार्च 1887 रोजी कोर्चा गावात अल्बानियन माध्यमाची पहिली शाळा उघडली. आजची लिपी 1908 मध्ये ठरली. ते पाहायला दोघेही नव्हते. नईम 1900 मध्ये गेला, सामी 1904 मध्ये.

आपल्या घरांतही दखनी आणि कोकणी आहेत. मुले त्यांतच आईशी भांडतात, पण शाळेच्या दारात आली की ती बोली बाहेर ठेवतात. वर्गात एखादा दखनी शब्द निघाला की बाकीची हसतात. त्या वेळी मीही कधीकधी "नीट बोल" म्हणालो आहे, हे कबूल करतो.

म्हणून पालकांना माझे सांगणे असे की परक्या भाषेला घाबरू नका. ग्रीक, फ्रेंच, इंग्रजी, जी मिळेल ती मुलाला शिकू द्या. भीती बाळगायची तर दुसऱ्या गोष्टीची. शिकून मोठ्या झालेल्या मुलाला आपल्या आईच्या बोलीत चार ओळी लिहाव्याशा वाटतील का? फ्राशरी भावांना तसे वाटले, म्हणून अल्बानियाच्या मुलांना पुस्तके मिळाली.