घर आणि आकाश

नवें घर पाहावयास गेलेला गृहस्थ भाडें, नळ आणि शेजार यांची चौकशी करितो. खोलींतून आकाश किती दिसतें, हें मात्र क्वचितच पाहतो. या प्रश्नाचें महत्त्व मुंबईस प्लेगनें शिकविलें. सप्टेंबर १८९६ मध्यें डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं मांडवींत तो रोग ओळखला, आणि १८९८ सालीं शहराच्या सुधारणेसाठीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढें ट्रस्टचे अध्यक्ष ऑर यांनीं ६३॥ अंशांच्या कोनाचा नियम आग्रहानें मांडिला. समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्मी तरी मोकळी जागा खिडकीपुढें असावी, हा त्याचा सोपा अर्थ.

प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळें होतो, हें सिमाँ यांनीं १८९८ मध्यें दाखविलें. तेव्हां केवळ अंधार हें त्या रोगाचें मूळ नव्हे. तथापि नियम व्यर्थ ठरत नाहीं. क्षयाचे जंतु कोंदट काळोखांत टिकतात, उन्हांत मरतात. म्हणून भर दुपारीं दिवा न लावितां आंतल्या खोलींत वाचून पाहावें, आणि उंदरांचीं बिळेंहि शोधावीं. बिळें बुजवितां येतात, भिंती रंगवितां येतात. समोरची इमारत मात्र भाडेकरूच्या सोयीसाठीं मागें सरत नाहीं.