ओवीपासून उपासना संगीतापर्यंत

1579 साली गोव्यात उतरलेला थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री मराठी शिकला आणि ओवीच्या प्रेमात पडला. नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती. त्यांच्या जागी त्यांना म्हणण्याजोगे काहीतरी हवे होते. स्टीफन्सने ती गरज ओळखून सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. 1616 मध्ये ते रोमन लिपीत छापले गेले. 1684 साली पोर्तुगीज सत्तेने गोव्यातल्या स्थानिक भाषेवरच बंदीचा हुकूम काढला, तरी हे पुराण टिकून राहिले.

घाटावर ख्रिस्ती भक्तिगीताची गोष्ट वेगळ्या वाटेने घडली. एकोणिसाव्या शतकात अहमदनगरच्या अमेरिकन मिशनच्या परिसरात प्रार्थनेची पुष्कळ गाणी इंग्रजीतून उतरवलेली आणि परक्या चालींवर बसवलेली असत. त्याच नगरात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. कीर्तनाचा साज जुना आणि ओळखीचाच, फक्त आख्यान येशूचे!

पुढे कवी नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यापायी घर दुभंगले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या. टिळकांच्या हाती उरली ती कविता, आणि तीच त्यांनी प्रभूच्या पायी वाहिली. अर्पण करायचे ते आपले स्वतःचेच असले पाहिजे, उसने आणलेले नव्हे, हे त्यांनी जाणले होते. म्हणून त्यांच्या भजनांत तुकोबांचा अभंग भेटतो. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते सांगत. ‘अभंगांजली’ हे त्यांच्या एका संग्रहाचे नावच बोलके आहे.

1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ते संन्यस्त वृत्तीने राहू लागले. साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती.

9 मे 1919 रोजी टिळक गेले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे होते. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचे उरलेले बहुतेक अध्याय लिहिले.

मराठी चर्चमध्ये आजही ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक हातात घेऊन मंडळी उभी राहते, आणि त्यातली कितीतरी गीते टिळकांची असतात.