शिंपल्यांची शेती

सिल्वासा हे काही समुद्रकाठचे गाव नव्हे. तरीही त्याचे समुद्राशी नाते आहे, आणि ते जोडले आहे दमणगंगेने. नाशिक जिल्ह्यातील सह्याद्रीत उगम पावणारी ही नदी सिल्वाशाजवळून वाहत जाऊन दमण येथे सागरास मिळते. पोर्तुगीजांनी १८८५ साली आपले ठाणे दरारा येथून सिल्वाशास हलविले. आणि २६ जानेवारी २०२० पासून दमण व सिल्वासा एकाच प्रशासनाखाली आले. तेव्हा समुद्रातील एका शेतीची हकीकत या गावी सांगितली, तर ती अस्थानी ठरू नये.

स्कॅलप नावाचा पंख्याच्या आकाराचा एक शिंपला आहे. त्याची पिल्ले प्रथम पाण्यात तरंगतात, मग कशास तरी चिकटतात, आणि थोडी मोठी होताच सुटून तळाशी पडतात. तेथे त्यांस शत्रू फार! जपानातील मुत्सु उपसागराच्या कोळ्यांनी १९६० नंतरच्या दशकात यावर साधा तोडगा काढला. कांद्याच्या जाळीदार पिशवीत जुन्या जाळ्याचे तुकडे भरून ती त्यांनी पाण्यात टांगली. पिल्ले आत चिकटली, आणि सुटली ती पिशवीतच राहिली. उत्पादन झपाट्याने वाढले. परंतु लोभही वाढला. एकाच जागी बेसुमार शिंपले टांगले गेले, आणि १९७५ च्या सुमारास ते मोठ्या संख्येने मेले. दाटी हे त्याचे एक प्रमुख कारण मानले गेले.

चीनची गोष्ट याहून विलक्षण आहे. १९८२ साली झांग फुसुई या शास्त्रज्ञाने अमेरिकेहून स्कॅलपची एक जात आणविली. त्यांतील अवघे २६ जीव तगले. त्या २६ जिवांपासून तेथे एक अफाट व्यवसाय उभा राहिला. मात्र सारी प्रजा मूठभर पूर्वजांची असल्याने वाण दुबळा होण्याची भीती उत्पन्न झाली, आणि पुढे पुन्हा नवे बीज आणावे लागले.

आपल्याकडे हे काम हिरव्या पाठीच्या शिंपल्याने, म्हणजे गोवेकरांच्या शिणाणीने, केले. दक्षिण ध्रुवाकडील पहिल्या भारतीय मोहिमेचे नेते म्हणून पुढे प्रसिद्धीस आलेले डॉ. सय्यद झहूर कासिम व त्यांचे सहकारी यांनी गोव्याच्या पाण्यात तराफ्यांवरून दोर सोडून शिणाण्या वाढविल्या व १९७७ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. रीत सोपी आहे. लहान शिणाण्या दोराभोवती पातळ कापडात गुंडाळावयाच्या. काही दिवसांत त्या आपल्याच तंतूंनी दोरास धरतात आणि कापड कुजून जाते. अन्न घालावे लागत नाही. पाणी गाळून त्या आपले पोट भरतात.

अडचण आहे ती पावसाळ्याची. लाटा तराफे मोडतात, नद्यांच्या पुराने खाडीचे पाणी गोडे होते, आणि खारेपणा फार उतरला की शिंपले मरतात. म्हणून पावसाळा सरल्यावर दोर भरावेत व पुढच्या पावसापूर्वी पीक काढावे, असा नेम ठरला. उत्तर केरळातील पडन्ना भागात १९९६ नंतर बायकांच्या बचत गटांनी हाच नेम पाळून खाडीच्या पाण्यातून चार पैसे मिळविले. भाताच्या शेतकऱ्यास ऋतू कळावा लागतो, तसाच तो यांनाही कळावा लागला.

या साऱ्या इतिहासाचा सिल्वाशाशी संबंध काय? शिंपला पाणी गाळतो, आणि पाण्यात जे असेल ते त्याच्या अंगी उतरते. दमणगंगेच्या काठच्या कारखान्यांचे सांडपाणी हा या नदीचा जुना प्रश्न आहे. जपानी कोळी दाटी कमी करू शकला, केरळची शेतकरीण पाऊस टाळू शकली. पण वरून आलेले विष मुखाशी बसलेल्या कोळ्यास टाळता येत नाही. त्याच्या दोरावरचा शिंपला जगेल की नाही, आणि जगला तर खाण्याजोगा राहील की नाही, हे पुष्कळसे वरच्या गावांनी ठरवावयाचे आहे.