सामना, दूरचित्रवाणी आणि घरचा श्वान

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव म्हणून सर्वांना परिचित आहे. मराठवाड्यातील अशा गावांत कुत्रा हा पूर्वापार शेताचा आणि खळ्याचा राखणदार. त्याची जागा अंगणात किंवा ओसरीवर. मात्र घरात दूरचित्रवाणीवर क्रिकेटचा सामना रंगला, की हा राखणदारही हळूच आत येऊन माणसांच्या पायाशी बसतो. त्याला पडद्यावर काय दिसते आणि या सोहळ्यात त्याला कशाचा त्रास होतो, हे प्रत्येक पालकाने जाणून घ्यावयास हवे.

श्वानाला काय दिसते?

नळीचे जुने संच भारतात सेकंदाला 50 वेळा चित्र उजळवीत असत. माणसाला ते सलग भासे; परंतु श्वानाची दृष्टी सेकंदाला सुमारे 70 ते 80 उघडझापी वेगळ्या ओळखू शकते. त्यामुळे त्याला ते चित्र लुकलुकणारे दिसत असावे. आजच्या सपाट पडद्यांवर हा दोष फारसा उरलेला नाही. अमेरिकेतील ऑबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीतही श्वान पडद्यावरील प्राण्यांकडे विशेष लक्ष देतात, असे आढळले.

रंगांच्या बाबतीत श्वानाला निळा आणि पिवळा हे दोन रंग चांगले ओळखता येतात. लाल आणि हिरव्यातील भेद मात्र स्पष्ट होत नाही. म्हणूनच कसोटी सामन्यातील हिरवळीवरचा लाल चेंडू त्याला रंगाने उठून दिसत नाही. 19 नोव्हेंबर 2023 रोजी अहमदाबादेत झालेल्या विश्वचषक अंतिम सामन्यातील निळा भारतीय आणि पिवळा ऑस्ट्रेलियन गणवेश मात्र त्याला सहज वेगळे ओळखू येतील असेच होते.

खरा सामना कानांत

श्वानाचे लक्ष पडद्यापेक्षा घरातील माणसांकडे अधिक असते. माणसाला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंतचे, तर श्वानाला सुमारे 45 हजार हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. बळी पडताच उठणारी आरोळी, टाळ्या, पराभवाच्या वेळचा संताप यांचे कारण त्याला उमगत नाही. आपला माणूस एकाएकी ओरडला, एवढेच त्याला कळते. कान मागे पाडणे, शेपटी पायांत घेणे, जांभया देणे, वारंवार ओठ चाटणे ही अस्वस्थतेची लक्षणे होत. अशा वेळी आवाज कमी करावा आणि त्याला उठून दुसऱ्या खोलीत जाण्याची मोकळीक ठेवावी.

ताटातील धोके

सामन्याबरोबर खाणेही आलेच. कांदाभजी हा मराठी घरातील आवडता पदार्थ. परंतु कांदा आणि लसूण, कच्चे असोत वा शिजवलेले, श्वानाच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. जालना तालुक्यातील कडवंची हे गाव द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे. मात्र द्राक्षे आणि मनुका यांनी श्वानाचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते आणि किती प्रमाण सुरक्षित आहे हे निश्चित सांगता येत नाही. चॉकलेट, मद्य, साखरविरहित च्युइंगममधील झायलिटॉल आणि शिजवलेली हाडे हीही टाळावीत. त्याऐवजी साधी भाकरी किंवा गाजराचा तुकडा द्यावा. चुकून काही खाल्ले गेल्यास मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये. त्वरित पशुवैद्यकांना विचारावे.

विजयाची रात्र

25 जून 1983, 2 एप्रिल 2011, 29 जून 2024 या भारताच्या विश्वविजयाच्या तारखा क्रिकेटप्रेमींच्या स्मरणात आहेत. आपल्या आनंदाची अशी रात्र श्वानाला मात्र सर्वांत कठीण जाते. दिवाळीची चाहूल काही दिवस आधीच लागते; विजयाचे फटाके एकाएकी, मध्यरात्रीही फुटतात. घाबरलेला श्वान दावे तोडून पळतो, रस्ता चुकतो किंवा वाहनाखाली येतो. बांधलेला असल्यास धडपडीत गळ्याला फास बसण्याचा धोका असतो.

यासाठी महत्त्वाच्या सामन्याच्या दिवशी संध्याकाळीच त्याला फिरवून आणावे. शेवटची षटके सुरू होण्यापूर्वी त्याला घरात घ्यावे, दारे-खिडक्या लावाव्यात आणि एखाद्या कोपऱ्यात त्याचे नेहमीचे अंथरूण घालावे. गळपट्ट्यावर आपला दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असावा. घाबरलेल्या श्वानाला जवळ घेतल्याने त्याची भीती वाढते, हा समज चुकीचा आहे. शांतपणे पाठीवरून हात फिरवल्याने त्याला धीरच मिळतो. माणसांची झोपेची गोळी त्याला कदापि देऊ नये. भीती तीव्र असल्यास आधीच पशुवैद्यकांचा सल्ला घ्यावा.

वर्षभर रात्री जागून जो आपले शेत आणि घर राखतो, त्याला या एका रात्री आपण राखावयाचे असते. सामना संपल्यावर फटाक्यांची वात पेटवण्याआधी तो घरात आहे ना, एवढे एकदा पाहून घ्यावे.