टिटवाळ्याहून बाल्टिककाठी : कमी खर्चात सात शहरांची भ्रमंती

पहाटेची लोकल पकडून आसनगावला उतरावयाचे आणि माहुलीची वाट धरावयाची, हा टिटवाळा, कल्याण, डोंबिवली परिसरातील डोंगरभटक्यांचा जुना परिपाठ आहे. पाठीवर एकच सॅक, सोबत घरचा शिधा आणि मिळेल तेथे पथारी, एवढ्यावर त्यांचा प्रवास पार पडतो. हाच शिरस्ता युरोपात पाळता येतो, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. युरोप म्हणजे पॅरिस, स्वित्झर्लंड आणि रोम, आणि तेही सहल कंपनीच्या बसमधून, अशी मध्यमवर्गाची समजूत झालेली आहे. बाल्टिक समुद्राच्या काठाने स्टॉकहोम, हेलसिंकी, टॅलिन, रिगा, व्हिल्नियस, वॉर्सा आणि क्राकोव अशी सात शहरे अठरा रात्रींत पाहता येतात. या भ्रमंतीचा खर्च युरोपात पोहोचल्यावर जेवढा ठरतो, त्याहून अधिक तो घरी बसून केलेल्या आखणीत ठरतो. तीत चूक झाल्यास वर्ष-दोन वर्षांची बचत विमान सुटण्यापूर्वीच पणाला लागते.

अर्ज कोणत्या देशाकडे?

ही सातही शहरे शेंगेन क्षेत्रात येतात. स्वीडन व फिनलंड २००१ मध्ये, तर एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया आणि पोलंड डिसेंबर २००७ मध्ये या व्यवस्थेत सामील झाले. त्यामुळे पाच सीमा ओलांडावयाच्या असल्या तरी व्हिसा एकच लागतो. प्रौढांसाठी त्याचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. अर्जकेंद्राचे सेवाशुल्क निराळे. अर्ज नामंजूर झाला तर ही रक्कम परत मिळत नाही.

सर्वाधिक गोंधळ होतो तो अर्ज कोणत्या देशाकडे करावयाचा, याबाबत. विमान ज्या देशात उतरते त्याच देशाकडे अर्ज करावा, असा सर्रास समज आहे. तो चुकीचा आहे. ज्या देशात मुक्काम सर्वाधिक, त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. मुक्काम समसमान असतील तरच प्रथम प्रवेशाचा देश विचारात घेतला जातो. उदाहरणार्थ, स्टॉकहोमला तीन रात्री, बोटीवर एक, हेलसिंकी, टॅलिन, रिगा आणि व्हिल्नियस येथे प्रत्येकी दोन आणि वॉर्सा व क्राकोव येथे प्रत्येकी तीन, अशी आखणी केली तर पोलंडच्या वाट्याला सहा रात्री येतात. विमान स्वीडनमध्ये उतरत असले तरी अर्ज पोलंडकडेच जावयास हवा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि किमान पंधरा दिवस आधी करता येतो. निर्णयास सर्वसाधारणपणे पंधरा दिवस लागतात. ही मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवासविमा सक्तीचा आहे. बोटांचे ठसे देण्यासाठी अर्जदारास मुंबईतील केंद्रात स्वतः जावे लागते. हे ठसे ५९ महिने पुन्हा वापरता येतात. अर्जासोबतच्या कागदपत्रांत बँकेच्या खात्याचा उतारा सर्वांत बोलका ठरतो. दरमहा वेतन जमा होणारे खाते विश्वासार्ह वाटते. अर्जाच्या आठवडाभर आधी नातेवाइकांकडून आणून भरलेली मोठी रक्कम मात्र संशयास कारणीभूत होते. अर्जदार मुदतीत मायदेशी परतेल याची खात्री अधिकाऱ्यास पटावी लागते. त्यासाठी नोकरीच्या ठिकाणचे रजेचे पत्र आणि प्राप्तिकर विवरणपत्रे उपयोगी पडतात. व्हिसा हाती येईपर्यंत परतावा न मिळणारे विमानाचे तिकीट काढू नये. स्वस्त तिकिटाच्या मोहाने अनेकांचे व्हिसाशुल्क आणि तिकीट अशी दोन्ही रकमांवर पाणी पडण्याची वेळ येते.

तिकीट काढताना जाणे स्टॉकहोमला आणि परतणे वॉर्सा किंवा क्राकोवहून, असे काढावे. एकाच शहराचे जाण्या-येण्याचे तिकीट घेतल्यास केवळ विमान पकडण्यासाठी मागे फिरावे लागते, आणि तो भुर्दंड बचतीहून मोठा असतो. बाहेरच्या देशांतून येणाऱ्यांच्या बोटांचे ठसे व छायाचित्र सीमेवर घेण्याची नवी पद्धत ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने लागू करण्यात आली. त्यामुळे पहिल्या विमानतळावर थोडा अधिक वेळ हाताशी ठेवलेला बरा.

महाग उत्तर, स्वस्त पूर्व

या मार्गाचे अर्थशास्त्र सोपे आहे. उत्तरेकडील शहरे महाग, पूर्वेकडील स्वस्त. हॉस्टेलच्या सामायिक खोलीतील एका खाटेसाठी स्टॉकहोम वा हेलसिंकीत साधारणपणे ३० ते ४५ युरो, तर पोलंड वा लिथुआनियात १५ ते २० युरो मोजावे लागतात. उन्हाळ्यात आणि शनिवार-रविवारी हे दर चढतात. म्हणून उत्तरेत मुक्काम आखूड ठेवावा आणि पूर्वेत पाय पसरावेत. स्वस्त निवासाची ही कल्पना जर्मनीतील रिखार्ड शिरमान या शिक्षकाची. १९१२ मध्ये आल्टेना येथील किल्ल्यात पहिले कायमस्वरूपी युवा वसतिगृह सुरू झाले. महाराष्ट्रातील गिर्यारोहकांना परिचित असलेली यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया ही त्याच चळवळीतील संस्था होय. हॉस्टेलमध्ये कपाट मिळते, कुलूप आपले न्यावे लागते. उत्तरेत चादरीचे पैसे अनेकदा वेगळे घेतले जातात. स्त्रियांसाठी स्वतंत्र खोल्या बहुतेक ठिकाणी असतात, पण त्या नोंदणीच्या वेळीच मागाव्या लागतात.

स्टॉकहोममध्ये रोख रकमेचा व्यवहार जवळपास संपुष्टात आला असून अनेक दुकाने नोटा स्वीकारतच नाहीत. तेथील भुयारी रेल्वेचे एक तिकीट हेच कलादालनाचे प्रवेशपत्र समजावे. शंभर स्थानकांपैकी नव्वदहून अधिक स्थानकांत चित्रे, शिल्पे वा कोरलेले खडक आहेत.

स्टॉकहोम ते हेलसिंकी हा टप्पा रात्रीच्या बोटीने करावा. बोट सायंकाळी निघते आणि सकाळी पोहोचते, म्हणजे प्रवास आणि निवास यांचा खर्च एकच. एवढ्या मोठ्या बोटीचे भाडे एवढे कमी कसे, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर वाटेतील ऑलंड बेटांत आहे. फिनलंडचा भाग असलेली ही बेटे युरोपीय संघाच्या करक्षेत्राबाहेर आहेत. संघांतर्गत प्रवासातील करमुक्त विक्री १९९९ मध्ये बंद झाली, मात्र या बेटांना बोट टेकली की ती विक्री कायदेशीर ठरते. म्हणून रात्रीच्या प्रवासात बोट तेथे काही मिनिटे थांबते. बोटीवरील दुकानांचा गल्ला भरतो आणि खरेदी न करणाऱ्या प्रवाशाच्या स्वस्त भाड्याचा भार त्या गल्ल्यावर पडतो.

हेलसिंकीत शहराच्या वाहतूक तिकिटावरच सुओमेन्लिन्ना या सागरी किल्ल्याची फेरीबोट मिळते. १७४८ मध्ये बांधकाम सुरू झालेला हा किल्ला जागतिक वारसास्थळ आहे. पाऊस आला तर २०१८ मध्ये उघडलेल्या ऊदी या ग्रंथालयात दिवसभर फुकट बसता येते. जूनमध्ये येथे सूर्य रात्री पावणेअकरानंतर मावळतो, त्यामुळे एका दिवसात दोन दिवसांची भटकंती होते. जून अखेरीच्या मध्य-उन्हाळी सणात मात्र दुकाने बंद असतात. जुन्या प्रवासपुस्तकांत हेलसिंकीहून सेंट पीटर्सबर्गला जाणारी आगगाडी दिलेली आढळेल. ती मार्च २०२२ पासून बंद आहे.

हेलसिंकीहून टॅलिन सुमारे ८० किलोमीटरवर असून बोटीने दोन-अडीच तासांत पोहोचता येते. तेथून पुढे रिगा आणि व्हिल्नियसपर्यंत बसच सोयीची आहे. प्रत्येक टप्पा चार ते साडेचार तासांचा. तिन्ही राजधान्यांची जुनी शहरे जागतिक वारसा यादीत आहेत आणि ती पायीच पाहावयाची असल्याने तिकिटाचा प्रश्न येत नाही. सोव्हिएत सत्तेविरुद्ध २३ ऑगस्ट १९८९ रोजी याच तीन राजधान्यांना जोडणारी मानवी साखळी सुमारे वीस लाख लोकांनी उभारली होती. बसच्या खिडकीतून पाइनचे एकसुरी जंगल पाहताना हे आठवले तर प्रवास कंटाळवाणा होत नाही. रिगाची मध्यवर्ती मंडई झेपेलिन हवाईजहाजांच्या जुन्या शेडमध्ये १९३० पासून भरते. राईचा पाव, काकडी आणि लोणच्याचा कोबी एवढ्यावर तेथे स्वस्तात पोट भरते. लिथुआनियात पाटीवरील काही शब्द मराठी माणसाला ओळखीचे वाटतील. अग्नीला तेथे ‘उग्निस’, देवाला ‘दिएवास’ आणि मुलाला ‘सूनुस’ म्हणतात. संस्कृतातील ‘सूनु’ म्हणजेही पुत्रच.

वॉर्सात आल्यावर खिसा सैल सोडता येतो. युरो संपून येथे झ्लॉटी हे चलन सुरू होते. एटीएम यंत्राने रक्कम रुपयांत दाखविण्याची तयारी दर्शविल्यास ती नाकारून स्थानिक चलनातच पैसे घ्यावेत, अन्यथा विनिमयाचा दर पडतो. ‘बार म्लेच्नी’ म्हणजे शब्दशः दुधाचे उपाहारगृह. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या या खानावळींत बटाटा व पनीरसदृश चीज भरलेले पिएरोगी शाकाहारी प्रवाशांना तारतात. वर डुकराच्या चरबीचे तुकडे घालण्याची पद्धत असल्याने ‘बेझ मिएन्सा’, म्हणजे मांसाविना, असे आधीच सांगावे.

या शहरात कोल्हापूरच्या नावाने उभारलेले स्मारक आहे. सोव्हिएत राजवटीने सैबेरियात हद्दपार केलेल्या पोलिश कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार जण इराणमार्गे येऊन १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरनजीकच्या वळिवडे येथील छावणीत राहिले होते. पुस्तकी इतिहासाशी संबंध नसलेल्या प्रवाशानेही तेथे पाच मिनिटे थांबावे. क्राकोवहून जाता येणाऱ्या आउश्वित्झ स्मारकास प्रवेशशुल्क नाही, पण प्रवेशपत्र आगाऊ नोंदवावे लागते. उन्हाळ्यात ते आठवडे आधीच संपते.

सॅकमध्ये काय?

सॅक विमानात हाती नेता येईल एवढीच असावी. स्वस्त विमानसेवा सामानाचे पैसे तिकिटाइतकेच घेतात. मेतकूट, भाजणी, कोरडे पोहे आणि चटणी ही शिदोरी हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात उपयोगी पडते. दूध आणि मांस यांपासून बनविलेले पदार्थ मात्र युरोपीय संघाबाहेरून नेण्यास मनाई आहे. ताजी फळे, भाज्या आणि कढीपत्ता यांनाही प्रमाणपत्राविना प्रवेश नाही. टिटवाळ्याच्या महागणपतीपुढील पेढे आणि खव्याचे मोदक म्हणून घरीच ठेवावेत. नारळ चालतो, नियमातून वगळलेल्या मोजक्या फळांत केळी, अननस आणि खजुराबरोबर त्याचा समावेश आहे.

टिटवाळ्याहून विमानतळावर पोहोचण्यासाठी घाटकोपरला थांबणारी लोकल, तेथून मेट्रोने मरोळ नाका आणि तेथे मार्गिका बदलून आंतरराष्ट्रीय टर्मिनल, असा स्वस्त मार्ग ऑक्टोबर २०२४ पासून उपलब्ध झाला आहे. युरोपची बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात आणि तोवर मेट्रो बंद झालेली असते. तेव्हा दुपारच्या रिकाम्या लोकलने निघून विमानतळावर चार तास बसणे परवडते. सकाळच्या गर्दीत सॅक घेऊन डब्यात शिरण्याचे धाडस टिटवाळेकरांनी तरी करू नये.